लघवीच्या संसर्गावर होमिओपॅथी : गुण आला, हे कशावरून?

ठाण्यात नौपाड्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, लावण्याचे काम करते. एप्रिल-मे उजाडला की या नमुन्यांची संख्या वाढते आणि नमुना देण्याच्या खिडकीवर एक प्रश्नही हमखास कानी येतो : "ताई, होमिओपॅथीच्या गोळ्या चालू आहेत, रिपोर्टमध्ये काही फरक नाही ना पडणार?" प्रश्न एक असला तरी त्याच्या पोटात दुसरा दडलेला असतो. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. अँटिबायोटिकचे एक-दोन डोस पोटात गेले असतील तर जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि संसर्ग असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांमुळे तसे होत नाही. दुसरा प्रश्न विचारला जात नाही, पण तोच महत्त्वाचा आहे : या गोळ्यांनी लघवीचा संसर्ग बरा होतो किंवा पुन्हापुन्हा होणे थांबते, असे म्हणायला संशोधनात काय आधार आहे? त्याचे उत्तर खिडकीवर, मागे रांग उभी असताना देता येत नाही.

आधी आजार नेमका काय ते पाहू. आपल्याकडे "उन्हाळी लागली" असे म्हणतात, तेव्हा लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे आणि गेल्यावर थोडीशीच होणे ही लक्षणे अभिप्रेत असतात. नुसते पाणी कमी पडून लघवी गडद झाली तरी थोडी आग होऊ शकते; तो संसर्ग नव्हे. संसर्ग म्हणजे मूत्रमार्गातून जंतू वर चढून मूत्राशयात वाढीला लागणे. साध्या संसर्गात दहापैकी सात-आठ वेळा हा जंतू ई. कोलाय असतो, म्हणजे आपल्याच आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा रहिवासी. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, तर पुरुषांचा सुमारे वीस सेंटिमीटरचा असल्याने जंतूला स्त्रियांमध्ये प्रवास फारच थोडा करावा लागतो, आणि म्हणूनच जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. जंतू मूत्राशयातच राहिला तर त्रास बराच, पण धोका कमी. तो मूत्रवाहिनीतून मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर थंडी वाजून ताप येतो, बरगडीखाली पाठीत दुखते, उलट्या होतात, आणि मग प्रकरण रुग्णालयात दाखल होण्यापर्यंत जाऊ शकते. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. होमिओपॅथीकडे वळणाऱ्या बहुतेक स्त्रिया या गटातल्या असतात, आणि त्याला कारणही आहे : तिसऱ्या-चौथ्यांदा अँटिबायोटिक घेताना कोणालाही वाटते की आता हे मुळापासून जायला हवे.

मूत्राशयाकडे स्वतःचा एक बचाव असतो, तो म्हणजे नियमितपणे रिकामे होणे. लघवीच्या प्रत्येक धारेबरोबर जंतू वाहून जातात. हे पुढे कामाला येणार आहे.

होमिओपॅथीची मांडणी जर्मन वैद्य साम्युएल हानेमान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केली. जो पदार्थ निरोगी माणसात विशिष्ट लक्षणे निर्माण करतो, तोच पदार्थ सूक्ष्म मात्रेत दिला असता तशी लक्षणे असलेला रोगी बरा होतो, हे तिचे पहिले तत्त्व. लघवीच्या जळजळीवर हमखास दिल्या जाणाऱ्या कँथारिसवरून ते चांगले समजते. कँथारिस हे औषध स्पॅनिश फ्लाय नावाच्या हिरव्या चमकदार भुंग्यापासून बनते. त्यातील कँथारिडिन हे रसायन पोटात गेले तर मूत्रमार्गाची भयंकर आग होते, लघवीतून रक्तही जाते. आग लावणारा पदार्थ, म्हणून आगीवरचे औषध, असा हा तर्क आहे. दुसरे तत्त्व सौम्यीकरणाचे. मूळ अर्काचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून जोराने हलवायचा, त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत, आणि असे पुढे. सहा वेळा केले की "६ सी", तीस वेळा केले की "३० सी".

६ सी मध्ये मूळ अर्काचे प्रमाण एक लाख कोटी भागांत एक भाग इतके उरते, म्हणजे ऑलिंपिक स्पर्धेच्या आकाराच्या सुमारे वीस जलतरण तलावांत मिळून एक थेंब. सुमारे १२ सी च्या पुढे गेल्यावर बाटलीत मूळ पदार्थाचा एखादा रेणूही सापडण्याची शक्यता नगण्य होते, कारण पदार्थ अमर्याद विभागता येत नाही. रेणूंची संख्या मोजकी असते. ३० सी तर त्याच्याही कितीतरी पुढे आहे. उरते ते साखरेच्या गोळीवर शिंपडून वाळलेले अल्कोहोल. मात्र "मदर टिंक्चर" म्हणून मिळणारे अर्क वेगळे. त्यांत वनस्पतीतली रसायने आणि अल्कोहोल खरोखरच असतात, त्यामुळे "होमिओपॅथी आहे, अपाय होणारच नाही" हे वाक्य त्यांना सरसकट लागू पडत नाही.

येथे बरेचजण वाद संपवतात : रेणूच नाही, तर परिणाम कुठून? माझ्या मते ही शंका अगदी रास्त आहे, पण तेवढ्यावर निकाल देणे योग्य नाही. औषध कसे काम करते हे न कळताही ते काम करते हे दाखवता येते. वैद्यकाच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे. तशीच एक उलट बाजूची चूक आमच्या लॅबमध्ये एका शिकाऊ मुलाने सुचवली होती. कल्चरच्या प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतो, तशी गोड गोळी ठेवून पाहू, असे त्याचे म्हणणे. चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून औषध लागू पडेल की नाही हे आम्ही सांगतो. गोळीभोवती असे वर्तुळ दिसणार नाही, पण त्यातून सिद्ध काहीच होणार नाही, कारण आमची गोळी थेट जंतू मारते असा होमिओपॅथीचा दावाच नसतो. ती शरीराची प्रतिकारक्षमता जागवते, असे सांगितले जाते. मग तो दावा तपासण्याची जागा प्लेट नव्हे, रुग्ण हीच आहे : गोळी घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बरे वाटते का, त्यांना संसर्ग कमी वेळा होतो का?

या थेट प्रश्नावरचे संशोधन शोधायला गेल्यास हाती फार थोडे लागते. लघवीच्या संसर्गावर होमिओपॅथीची मोठी, दुहेरी-अंध, म्हणजे खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी चाचणी झालेली नाही. जे काम वारंवार उद्धृत होते ते स्वित्झर्लंडमधील नॉटविल येथील पॅराप्लेजिया केंद्रातले आहे. मणक्याला इजा झालेल्या रुग्णांचे मूत्राशय नीट रिकामे होत नाही, अनेकांना कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, वापरावा लागतो, त्यामुळे त्यांना संसर्ग सतत होत राहतो. युर्गेन पानेक आणि सहकाऱ्यांनी आधी आठ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि पुढे, २०१९ च्या सुमारास, वर्षाला तीन किंवा अधिक संसर्ग होणाऱ्या ३५ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातील १० जणांना नेहमीचे प्रतिबंधक उपाय दिले गेले आणि २५ जणांना त्याच उपायांच्या जोडीला होमिओपॅथी. वर्षभरात होमिओपॅथीच्या गटातील संसर्गांची संख्या लक्षणीय घटली, दुसऱ्या गटात ती तशीच राहिली.

हा निष्कर्ष वाचून कोणालाही वाटेल की पुरावा मिळाला. म्हणून तो जरा जवळून पाहिला पाहिजे. या अभ्यासात कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. चिठ्ठ्या टाकण्याला, म्हणजे यादृच्छिक विभागणीला, एवढे महत्त्व यासाठी की जो माणूस स्वतःहून नवा उपचार करून पाहायला तयार होतो तो अनेकदा इतर बाबतींतही अधिक काळजी घेणारा असतो; पाणी पितो, वेळच्या वेळी मूत्राशय रिकामे करतो. शिवाय आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे प्रत्येकाला माहीत होते, आणि संसर्ग किती वेळा झाला हे रुग्णांनीच सांगितले होते. कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा असतातच, त्यामुळे "हा संसर्ग धरायचा की नाही" हे पुष्कळदा लक्षणांच्या अंदाजावर ठरते, आणि अंदाज अपेक्षेच्या बाजूने झुकतो. तुलनेला माणसे दहाच. त्यांपैकी दोघांना वर्ष वाईट गेले तरी आकडा बदलतो. हा अभ्यास वाईट हेतूने केलेला नाही. प्रश्न उपस्थित करणारा अभ्यास म्हणून तो ठीक आहे. पण नौपाड्यातल्या निरोगी मणक्याच्या, नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या बाईला त्यातून उत्तर मिळते असे म्हणता येत नाही.

आता गुण येण्याविषयी. माझ्या ओळखीत होमिओपॅथीने लघवीचा त्रास गेला असे ठामपणे सांगणाऱ्या निदान डझनभर स्त्रिया आहेत, आणि त्या खोटे बोलत नाहीत. त्यांना बरे वाटले हे खरेच आहे. प्रश्न आहे तो श्रेयाचा.

२०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती होमिओपॅथीची नव्हती, डी-मॅनोज नावाच्या साखरेची होती. ई. कोलायच्या अंगावरचे बारीक तंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात ते मॅनोजच्या साहाय्याने. मग मॅनोज भरपूर खाल्ले तर जंतू त्यालाच चिकटून लघवीतून वाहून जातील, असा तर्क होता. तर्क सुंदर आहे, प्रयोगशाळेत तो दिसतोही, आणि जगभर याची पुडकी खपतात. वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रिया निवडल्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला रोज डी-मॅनोजची पूड, दुसऱ्याला तशाच डब्यातून फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साधी साखर. सहा महिन्यांत पुन्हा संसर्गाच्या संशयाने डॉक्टरकडे जावे लागले अशा स्त्रिया डी-मॅनोजच्या गटात ५१ टक्के निघाल्या आणि साध्या साखरेच्या गटात ५५.७ टक्के. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान होता, म्हणून डी-मॅनोजचा उपयोग सिद्ध झाला नाही, असा निष्कर्ष निघाला.

पण मला या चाचणीतला दुसराच आकडा मोलाचा वाटतो. साधी साखर खाणाऱ्या गटातल्या दर शंभरपैकी ४४ स्त्रियांना पुढचे सहा महिने संसर्गासाठी डॉक्टरची पायरी चढावी लागली नाही. या सगळ्या वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांना ती पूड कोणी "खास तुमच्या प्रकृतीसाठी निवडलेली" म्हणून दिली असती, तर या ४४ जणींनी आपल्या बहिणींना, जावांना, लोकलमधल्या मैत्रिणींना मनापासून सांगितले असते की वर्षानुवर्षांचा त्रास या पुडीने गेला. उरलेल्या ५६ जणी गप्प बसल्या असत्या किंवा दुसऱ्या उपायाकडे वळल्या असत्या. अनुभवाच्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात त्या अशा गाळून येतात.

या ४४ जणी बऱ्या का राहिल्या? कारण वारंवार होणारा संसर्ग समान अंतराने येत नाही, तो झुंडीने येतो. महिना-दोन महिन्यांत तीनदा झाला की माणूस वैतागून नवा उपाय धरतो, म्हणजे उपाय सुरू होतो तो आजाराच्या शिखरावर. शिखरावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते, मग हातात गोळी असो वा नसो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. तुलनेसाठी दुसरा गट का हवा, याचे याहून सरळ कारण मला सुचत नाही : उतार किती आपोआप आला आणि किती औषधाने, हे त्या गटाशिवाय कळत नाही.

रिपोर्टसुद्धा फसवतात, आणि हे मी माझ्याच टेबलावर पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या बाजूला राहणाऱ्या एका बाईंनी सकाळी सातला नमुना धरला, स्कूटरच्या डिकीत ठेवला, मुलाला शिकवणीला सोडले, बँकेचे काम आटोपले आणि दहाच्या पुढे लॅबमध्ये आणून दिला. नमुना दोन तासांत पोहोचायला हवा, नाही तर फ्रिजमध्ये ठेवायला हवा, हे मी विचारायला हवे होते. त्या दिवशी गर्दीत विचारले नाही. आम्ही एक मिलिलिटरचा हजारावा भाग उचलणाऱ्या तारेच्या कडीने लघवी प्लेटवर पसरतो आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की अगार या जंतूंच्या खाद्याच्या थरावर ई. कोलायच्या गुलाबी, चपट्या वसाहती मोजतो. शंभर वसाहती म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू, आणि संसर्ग मानण्याची रूढ मर्यादा तीच. बाईंच्या प्लेटवर शंभराहून जास्त वसाहती होत्या. रिपोर्ट गेला. बाईंना त्रास फारसा नव्हताच. त्यांनी होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्या आणि दहा दिवसांनी पुन्हा तपासणी केली. या वेळी नमुना लॅबमधल्याच स्वच्छतागृहात, नीट सूचना ऐकून, मधली धार धरून दिला. प्लेट कोरी. बाई पेढे घेऊन आल्या होत्या.

ई. कोलाय अनुकूल उबेत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ५१२. लघवीत ही वाढ थोडी मंद असते, पण नमुना धरताना त्वचेवरून पडलेले मिलिलिटरला दोन-तीन हजार जंतूदेखील डिकीतल्या उकाड्यात लाखाचा पल्ला गाठू शकतात. त्या बाईंना पहिल्यांदा संसर्ग होता की नाही हे आता कोणीच सांगू शकत नाही. मात्र आधी "पॉझिटिव्ह" आणि नंतर "निगेटिव्ह" असे दोन कागद त्यांच्या फाइलमध्ये आहेत, आणि ते दाखवून त्यांनी आपल्या सोसायटीतल्या आणखी किमान दोघींना त्याच दवाखान्यात पाठवल्याचे मला ठाऊक आहे.

यावर होमिओपॅथीच्या बाजूने एक आक्षेप नेहमी येतो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे : आमचे औषध रोगाला नसते, रोग्याला असते, एकीला कँथारिस, दुसरीला स्टॅफिसॅग्रिया, तिसरीला सार्सापरिला, मग सगळ्यांना एकच गोळी देणारी चाचणी आम्हाला कशी लावता? पण अशी चाचणी करता येते. होमिओपॅथने प्रत्येक रुग्णाची तासभर विचारपूस करून हवे ते औषध लिहावे. बाटलीत ते भरायचे की नुसती साखरेची गोळी, हे औषध देणाऱ्याकडच्या बंद यादीनुसार ठरावे. अशा व्यक्तीगणिक बदलणाऱ्या उपचारांच्या ३२ चाचण्या रॉबर्ट मॅथी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकत्र तपासल्या. मॅथी हे ब्रिटनमधील होमिओपॅथी संघटनेशी संबंधित होते, म्हणजे पाहणारी नजर वैरी नव्हती. एकत्रित आकड्यांत गोळ्यांच्या बाजूने लहानसा फरक दिसला, परंतु विश्वासार्ह म्हणता येतील अशा चाचण्या तीनच सापडल्या आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याने निष्कर्ष जपून काढावा, असे लेखकांनीच लिहिले. त्याआधी २००५ मध्ये "द लॅन्सेट"मध्ये बर्न विद्यापीठातील संशोधकांनी होमिओपॅथीच्या ११० आणि प्रचलित वैद्यकाच्या तितक्याच चाचण्या शेजारी ठेवल्या होत्या. लहान, सैल चाचण्यांत दोन्हीकडे परिणाम फुगलेला दिसला. मोठ्या व काटेकोर चाचण्या तेवढ्या ठेवल्यावर प्रचलित औषधांचा परिणाम टिकला, होमिओपॅथीचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे खोट्या गोळीपेक्षा, वेगळा उरला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरील अभ्यासांचा आढावा घेऊन, यांपैकी कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असे जाहीर केले. आणि २०२२ मधील एका तपासणीत असे आढळले की २००२ पासून नोंदवलेल्या होमिओपॅथीच्या चाचण्यांपैकी ३८ टक्के कधी प्रसिद्धच झाल्या नाहीत. न छापलेल्या चाचण्या बहुधा कोणत्या बाजूच्या असतात, याचा अंदाज बांधायला संशोधक असावे लागत नाही.

अँटिबायोटिकची बाजू निर्मळ आहे असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीला चिकटून वाढणारे ई. कोलाय आता रोज दिसतात. पूर्वी हुकमी असलेल्या गोळ्या निकामी झाल्या आहेत, त्या आपण सर्दीपासून जुलाबापर्यंत कशावरही घेतल्या म्हणून. साध्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे आज पुन्हा पुढे आली आहेत, कारण त्यांच्याभोवतीचे वर्तुळ अजून बहुतेकदा स्वच्छ दिसते. लक्षणे नसताना केवळ लघवीत जंतू सापडले म्हणून अँटिबायोटिक देणे बहुतेकांच्या बाबतीत चूकच आहे. गरोदर स्त्रिया हा महत्त्वाचा अपवाद.

आणि थांबून पाहणे हाही काही वेडेपणा नाही. जर्मनीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधा संसर्ग झालेल्या ४९४ स्त्रियांपैकी निम्म्यांना फॉस्फोमायसिन आणि निम्म्यांना फक्त आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिले गेले. वेदनाशामकाच्या गटातल्या दोनतृतीयांश स्त्रियांना अँटिबायोटिक घ्यावेच लागले नाही. पण त्यांना त्रास जास्त दिवस झाला, आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचण्याची प्रकरणे वेदनाशामकाच्या गटात पाच, अँटिबायोटिकच्या गटात एक अशी झाली. म्हणजे थांबण्याची किंमत मोजलेली आहे : शंभरात सुमारे दोन. ही किंमत सांगून, खुणा ठरवून, डॉक्टरच्या नजरेखाली थांबणे ही एक गोष्ट. आणि उपचार चालू आहे अशा समजुतीने थांबणे ही दुसरी. ३० सी ची गोळी घेऊन चार दिवस काढणारी बाई प्रत्यक्षात थांबलेलीच असते, फक्त ते तिला कोणी सांगितलेले नसते. होमिओपॅथीत "औषध लागू पडताना आधी त्रास वाढतो" असे सांगण्याची पद्धत आहे, ती मला इथे सर्वांत घातक वाटते. थंडी वाजून ताप आला, पाठीत एका बाजूला दुखू लागले, उलटी झाली, की तो औषधाचा गुण नसतो. गरोदर स्त्री, लहान मूल, मधुमेही, पुरुष, मूतखडा असलेले किंवा एकच मूत्रपिंड असलेले रुग्ण यांनी तर लक्षणे दिसताच, ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

पुन्हापुन्हा होणे टाळण्यासाठी काही उपायांना चाचणीचा आधार आहे, आणि त्यातला एक ठाण्याच्या बायकांना खास सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बल्गेरियातील १४० स्त्रियांवरील चाचणीत कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रिया निवडल्या होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, नेहमीसारखे पिणाऱ्यांना ३.२ वेळा. मूत्राशय धुतले जाण्याविषयी वर जे लिहिले, तेच हे. आता ठाण्याहून सीएसएमटीला किंवा ट्रान्सहार्बरने वाशीला जाणारी बाई पाणी का पीत नाही, हे मी सांगायला नको. स्थानकातले स्वच्छतागृह आठवून ती बाटलीचे झाकण पुन्हा लावते, आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत, कधी घरी परतेपर्यंत, धरून ठेवते. रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. २०२२ मधील ब्रिटनच्या चाचणीत मेथेनामाइन हे अँटिबायोटिक नसलेले औषध रोजच्या कमी मात्रेतल्या अँटिबायोटिकच्या तोडीचे ठरले. क्रॅनबेरीचाही काही प्रमाणात उपयोग दिसतो, जरी आपल्याकडे तिचे सरबत म्हणून जे विकले जाते त्यात साखरच अधिक असते. यातले काय कोणाला, हे डॉक्टरने ठरवायचे.

एक गोष्ट आपल्या राज्यापुरती. २०१४ मधील कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी पदवीधरांना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. तो वाद न्यायालयात गेला, डॉक्टरांच्या संघटना आमनेसामने आल्या, आणि त्याचे काय व्हायचे ते होईल. आमच्या कामापुरता त्याचा अर्थ एवढाच की "होमिओपॅथी डॉक्टरकडून औषध घेतले" या वाक्यावरून पोटात काय गेले हे कळत नाही. गोड गोळ्यांच्या बाटलीबरोबर कागदाच्या पुडीत दोन पांढऱ्या गोळ्या असतात, त्या सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या असतात, आणि दोन दिवसांत जळजळ थांबते. श्रेय बाटलीला जाते, कारण बाटलीवर नाव असते आणि पुडीवर नसते.

म्हणून खिडकीवर तो प्रश्न आला की मी फॉर्म परत पुढे सरकवते. त्यात "सध्या चालू असलेली औषधे" असा रकाना आहे, तो बहुतेकजणी रिकामा सोडतात. गोड गोळ्यांचे नाव लिहा, असे मी सांगते, आणि पुडीतल्या गोळ्यांचे नाव माहीत नसेल तर आत्ता फोन करून विचारा, मी थांबते. परवा एकीने असाच फोन केला. पलीकडून एका अँटिबायोटिकचे नाव आले, ते ऐकून मी तिच्या फॉर्मवर लिहिले : सेफिक्झिम, दोन दिवस, चार गोळ्या. मग नमुन्याच्या बाटलीवर वेळ टाकली आणि तिला सांगितले की उद्या प्लेट कोरी आली, तर तो संसर्ग नसल्याचा पुरावा समजू नका.